काळी पडलेली भरड

मी भरड बोलतेय. पेडण्याबाहेरच्या डोंगरउतारावरची, काजूची खडकाळ जमीन. खालच्या भातशेतांचं सगळ्यांना कौतुक, मला कोण विचारतो? पण बाबलीच्या घरचा काजू माझ्याच अंगावर पिकतो, हे विसरू नका.

बाबलीच्या वडिलांनी, यशवंतांनी, ही झाडं लावली. हंगामाआधी झाडाखालचा पाला गोळा करून ते लहान लहान ढीग करत, सकाळच्या दंवात पेटवत आणि विझेपर्यंत हातात हिरवी फांदी घेऊन उभे राहत. कशासाठी? तर खाली पडलेला बोंडू, म्हणजे बी लागलेलं काजूचं फळ, दिसावा म्हणून. तेवढा चटका मी मुकाट्याने सोसत होते.

बाबलीला कुठली एवढी फुरसत! तो खाणीच्या ट्रकवर. यंदा सुट्टीच्या दिवशी जेवून आला आणि भर दुपारी काडी ओढली.

त्याची बायको पद्मावती धावत आली. "सकाळी दंव असताना जाळूचो, सांगलेलंय ना तुमका!"

"पालो जळल्याशिवाय बी दिसाची नाय गो. गप रव."

इतक्यात वारा सुटला. मग कोण कोणाचं ऐकतो? आग थेट माथ्यापर्यंत गेली.

सुकलं तरी माझं गवत फिकट पिवळं होतं. बरंचसं ऊन ते आल्या वाटेनं परत पाठवायचं. आता ही काळी राख सगळं ऊन पिऊन बसते. उन्हात लावलेल्या मोटरसायकलच्या काळ्या सीटवर बसून बघा, म्हणजे माझे हाल कळतील. संध्याकाळ झाली तरी अंग निवत नाही. पोटातली ओल उडून गेली. घळीतली चार झाडं आगीतून वाचली, पण त्यांचा मोहरही माझ्याच झळांनी करपायला लागलाय. समोर डिचोलीकडचे डोंगर दिसतात, तेही जागोजागी काळे. आम्ही सगळ्यांनीच असं तापायचं ठरवलं तर गार वारा यायचा कुठून? मला भीती वाटते हो, फार भीती वाटते.

आज पद्मावती बाजाराला गेलीय. बाबली एकटाच घळीत उतरलाय. तिथेच तेवढी सावली उरलीय.

"इतकोच पालो रवलो," तो स्वतःशी म्हणतो आणि खिशातून काडेपेटी काढतो.

बाबली, तुझ्या पायात बूट आहेत, तुला कळायचं नाही. एकदाच घळीबाहेर वाकून माझ्या काळ्या अंगावर तळवा टेक. मग काडी ओढवते का बघ.