चालू गाडी ढकलताना

आमच्या घरात या देशाचं सगळ्यात आधी कोण झालं असेल, तर ती गाडी.

माणसं अजून रांगेतच आहेत. ताई, भावजी आणि मी, तिघांनाही दर वर्षी नव्याने "राहू का?" असं सरकारला विचारावं लागतं. गाडीला कुणी काही विचारलं नाही. एका सकाळी तपासणीवाल्याने तिच्या टायरांना लाथा मारल्या, बोनेट उघडून इंजिनाचा नंबर उतरवून घेतला, जुनी नंबरप्लेट उचकटली आणि नवी ठोकली. कागदावर शिक्का मारला: कायमस्वरूपी. आम्ही हीच गाडी चालवत, सीमा ओलांडून, मागच्या सीटवर गाद्या आणि कुकर घेऊन इथे आलो होतो. तेव्हापासून भावजी तिचं दार जरा हळू लावतात. इथली आहे ती आता, म्हणतात, उगाच तक्रार करायची.

प्रश्न ताईचा होता. ताई नर्स. तिकडे ती डोंगरातल्या आरोग्यकेंद्रात होती आणि केंद्राची जीप तीच चालवायची, कारण केंद्राच्या ड्रायव्हरला घाटात चक्कर यायची. इथे तिला फिरत्या नर्सचं काम मिळालं होतं: म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची. अट एकच. पहिल्या तारखेला दारात स्वतःची गाडी आणि हातात इथलं लायसन्स हवं. नाहीतर काम दुसरीला. आणि ताईचं काम गेलं की आमचं तिघांचं "राहू का?" पण गेलं, कारण भावजींचं हिशेबनिसाचं शिक्षण इथे अजून तपासलं जात होतं आणि माझं शिक्षण तपासायला मुळात ते पूर्ण व्हायला हवं होतं.

लायसन्स बदलून द्यायच्या खिडकीत एक बाई बसायची. चेहऱ्यावर कायम असा भाव, की आत्ता पंधरा मिनिटांपूर्वीच तुम्ही तिला उठवलंय.

"लायसन्स खरं आहे कशावरून?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ते माझ्या हातात आहे त्यावरून," ताई म्हणाली.

"तिकडच्या ऑफिसचा दाखला आणा."

ताईने तिकडच्या ऑफिसला अर्ज पाठवला. उत्तराची वाट बघता बघता निम्मा महिना सरला. आलं तेव्हा ताईने पाकीट फोडलंसुद्धा नाही, तसंच नेऊन खिडकीत दिलं. बाईने फोडलं, वाचलं, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"खरं आहे," ती म्हणाली.

"सांगत होते ना!"

"पुढे लिहिलंय. 'धारक आता देशात राहत नसल्याचे धारकाच्या अर्जावरूनच निदर्शनास आल्याने सदर लायसन्स आजपासून रद्द करण्यात येत आहे.'" बाईने कागद नीट दुमडला. "म्हणजे खरं आहे, पण नाहीये. नसलेलं लायसन्स बदलून देता येत नाही. कार्ड जमा करा."

"रद्द झालंय तर जमा कशाला?"

"कुणी वापरू नये म्हणून."

आणि तिने आमच्या देखत कात्रीने त्याचा कोपरा कापला. नेमका ताईच्या फोटोतला कान गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र गप्प होती, आणि ताई गप्प असली की घरातल्या भांड्यांनी जपून राहावं.

आता ताई कायद्याने नवशिकी. परीक्षा द्यायची, स्वतःच्या गाडीवर. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या गाड्या पावसाळ्यापर्यंत भरलेल्या. तारीख मिळाली ती महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. गाडी परीक्षेच्या केंद्रावर न्यायची कुणी? भावजींना चालवता येत नाही, ते फक्त रस्ता सांगतात. मला येतं, ताईनेच शिकवलंय, पण कागद नाही. शेजाऱ्याला सांगावं तर विम्यात नाव फक्त ताईचं. म्हणजे ही गाडी जगात एकच बाई चालवू शकत होती, आणि तिलाच चालवायची बंदी होती.

मी गाडी उचलून नेणाऱ्या क्रेनवाल्याला फोन केला.

"काय बिघडलंय?" तो म्हणाला.

"काही नाही. चालू आहे."

"मग उचलू कशाला? चालू गाडी उचलली की चोरी होते." आणि त्याने फोन ठेवला.

तसे आम्ही काही अगदी अनाडी नव्हतो. आमच्या गल्लीत दर आठवड्याला झाडूवाली गाडी येते आणि त्या दिवशी सगळ्या गाड्या समोरच्या बाजूला न्याव्या लागतात. लायसन्स गेल्यापासून आम्ही ती ढकलूनच नेत होतो. ढकलायला लायसन्स लागत नाही, हे मी त्या खिडकीतल्या बाईला मुद्दाम जाऊन विचारलं होतं. तिने जाड पुस्तक उघडून पाहिलं आणि नाइलाजाने मान डोलावली.

तर ठरलं. केंद्रापर्यंत ढकलायची.

शेवटचा प्रश्न होता हॉर्नचा. ताईला घाटाची सवय. वळण आलं की तिचा अंगठा आपोआप हॉर्नवर जातो. इथे हॉर्न म्हणजे शिवी. परीक्षेत वाजवला की सरळ नापास. भावजींनी रात्री जेवताना तोडगा काढला.

"हात तसाच ठेव. वाजवावंसं वाटलं की मनात म्हण, पीं."

"मनात?"

"मनातल्या मनात. पीं."

ताईने घास घेता घेता सराव केला. भाजी वाढताना पीं, पाणी घेताना पीं. मी जागेवरून उठलो तरी पीं.

सकाळी निघालो. मी आणि भावजी मागे, ताई बाजूने चालत, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलेलं. भावजींनी ऑफिसचे बूट घातले होते. सरकारी कामाला चपला बऱ्या दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पहिला चौक बरा गेला. दुसऱ्या चौकात पोलीस.

"बंद पडली?" त्याने विचारलं.

"नाही, चालू आहे," मी म्हणालो.

"मग ढकलताय का?"

"लायसन्स नाही."

तो विचारात पडला. गाडीला एक फेरी मारली. ताईचा हात बघितला, ताईचे पाय बघितले. पाय रस्त्यावर होते.

"बाई गाडीच्या बाहेर आहेत," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे पादचारी."

"हो ना!" ताई म्हणाली. "मी पादचारी, ही गाडी इथली, आणि हे दोघं नुसते घामेजलेले. यात गुन्हा कुठला, ते तुम्हीच सांगा."

"पादचाऱ्याने फुटपाथवरून चालावं."

"मग स्टिअरिंग लांबवून द्या."

पोलिसाने आमच्यासाठी सिग्नल जरा जास्त वेळ हिरवा ठेवला. आजवर इथल्या सरकारने आमच्यासाठी केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट.

केंद्राच्या फाटकाआधी उतार आहे. हे आम्हाला माहीत होतं, पण उतार म्हणजे सोपं, असं आम्ही धरून चाललो होतो. गाडीने आमचं ऐकणं सोडलं. मी ढकलायचं थांबलो, तरी ती चालतच राहिली. भावजी बंपर धरून मागे ओढायला लागले आणि बूट घासत तिच्यामागे निघाले, घसरगुंडीवर बसल्यासारखे.

"अहो, सोडा!" ताई ओरडली.

"सोडलं तर जाईल!"

"धरलंत तरी जातेय!"

फाटकात एक माणूस फाइल बगलेत धरून कपातून काहीतरी पीत उभा होता. गाडी सरळ त्याच्या कपावर निघाली होती. ताईने धावता धावता दार उघडलं, आत उडी मारली, आणि बंद इंजिनाच्या त्या दगडासारख्या ब्रेकवर अक्षरशः उभी राहिली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी पिळलं. गाडी त्या माणसाला वळसा घालून फाटकातून आत शिरली आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध थांबली. भावजी जरा नंतर पोहोचले. त्यांच्या उजव्या बुटाचा तळवा त्याच्याही नंतर.

माणसाने कप खाली ठेवला. तो परीक्षक होता.

"तुम्ही आत्ता लायसन्सशिवाय गाडी चालवलीत," तो ताईला म्हणाला. "तुमची परीक्षा मला घेता येणार नाही. वर केस होईल."

मी ताईकडे बघितलं. उद्या पहिली तारीख. तिचा सगळा महिना चेहऱ्यावर चढला होता, कापलेल्या कानासकट.

"चालवली नाही," ती म्हणाली. "थांबवली."

"काय?"

"चालवायला लायसन्स लागतं, माहितीये मला. थांबवायलाही लागतं का? पुस्तकात असेल तर दाखवा. तुमच्या ऑफिसने माझं खरं लायसन्स खोटं आहे का म्हणून विचारायला लावलं, म्हणून ते मेलं. तुमच्याच नियमाने मी ही धडधाकट गाडी या दोन धडधाकट माणसांकडून ढकलून आणली. आता ती तुमच्या अंगावर येत होती, तेव्हा मी काय करायला हवं होतं? बाहेरून बघत 'पीं' म्हणायला हवं होतं?"

परीक्षकाला पीं समजलं नाही, पण बाकीचं समजलं. तो गाडीकडे वळला. पांढऱ्या पट्ट्या बघितल्या, डावीकडून, मग उजवीकडून.

"इंजिन बंद होतं?" त्याने विचारलं.

"बंद होतं."

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ती घसरत होती." त्याने फाइल उघडली. "गाडी लावणे, यात पूर्ण गुण. बसा. आता चालू करा."

आम्ही कुंपणाजवळच्या बाकावर बसलो. गाडी इमारतीभोवती फिरून रस्त्यावर गेली. उघड्या खिडकीतून प्रत्येक वळणावर ऐकू येत होतं: "पीं." लांबून: "पीं." भावजींनी डोळे मिटून घेतले.

ताईने नंतर सांगितलं, तिसऱ्या वळणावर परीक्षकाने विचारलं होतं, "हे काय?"

"मनातल्या मनात हॉर्न."

"मनातल्या मनात आहे, तर मला कसा ऐकू येतोय?"

"तुम्ही शेजारीच बसलाय ना."

त्याने बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, तोंडाने वाजवलेल्या हॉर्नला रकाना नाही.

पास.

लायसन्स देणारी खिडकी केंद्राच्याच इमारतीत, आणि तीच. बाईही तीच. नवं कार्ड तिने ताईसमोर सरकवलं. ताईने दोन्ही कान जागेवर आहेत ना, ते आधी पाहिलं. मग खालची ओळ वाचली.

"अनुभव: शून्य?"

"आजच मिळालं ना लायसन्स."

"मी घाटात जीप चालवली आहे. रात्री. मागे बाळंतीण घेऊन!"

"ते लायसन्स नव्हतं."

"होतं! तुम्ही त्याचा कान कापला!"

"कॉम्प्युटर शून्याच्या वर घेत नाही," बाई म्हणाली आणि हिरवा स्टिकर पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: नवा चालक. "मागच्या काचेवर लावायचा. वर्षभर. आणि वर्षभर गाडीत एकच प्रवासी."

ताईने मागे वळून पाहिलं. मागे आम्ही दोघं उभे होतो.

"आणलेले दोन आहेत," ती म्हणाली.

"येताना ते बाहेर होते," बाई म्हणाली. तिला कुणीतरी खिडकीतून सगळं दाखवलं असणार.

अंगाचा तिळपापड होत होता, पण वाद घालायला वेळ नव्हता. ताईला संध्याकाळच्या आत जाऊन कामाच्या ऑफिसात कार्ड दाखवायचं होतं. कोण बसणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. भावजींच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्यात बुटाची आठवण.

"मेहुणे, तुम्ही तरुण आहात," ते पुढच्या सीटवर बसत म्हणाले.

मी फुटपाथवरून चढ चढायला लागलो. वाटलं, गाडी आता पुढे निघून जाईल. पण ताईने ती पहिल्या गिअरमध्ये माझ्या बाजूनेच चालवली, काच खाली करून, आणि वाटभर त्या बाईचा, तिच्या कात्रीचा, कॉम्प्युटरचा आणि शून्याचा उद्धार केला. मी आपला हो म्हणत चालत होतो. उद्या सकाळी पहिली म्हातारी कुठे राहते, जखम पायाला आहे की पाठीला, हेही तिने मधेच सांगितलं. मागे गाड्यांची रांग लागली. मग कुणीतरी हॉर्न दिला. मग सगळ्यांनीच.

"बघा!" ताई आनंदाने ओरडली. "इथे वाजवत नाहीत म्हणे!"

आणि तिने अंगठा दाबला. खराखुरा. लांबलचक. भावजी सीटवर उडाले.

चढ संपता संपत नव्हता. ऐकता ऐकता मी केव्हा फुटपाथवरून उतरून गाडीच्या मागे आलो, मलाच कळलं नाही. चौकाजवळ आलो तेव्हा ताईने आरशात पाहिलं आणि हसायला लागली. मी खाली बघितलं. माझा हात केव्हाचा मागच्या काचेखाली टेकलेला होता, त्या हिरव्या स्टिकरशेजारी, आणि मी ढकलत होतो.

"सोड रे," ती म्हणाली. "चालू आहे."