पाच बटणांची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. तुम्ही लगेच विचाराल, कुणाच्या फोटोची? तिथेच तर माझे नशीब आडवे आले. नेऱ्याच्या काशिराम सुताराने एका मोडक्या खिडकीच्या सागवानातून मला बनवले. कोपरे गोल केले, पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत केले. एवढे लाड होताहेत म्हणजे आपल्यात नक्की एखादी लक्ष्मी नाहीतर गणपती बसणार, रोज उदबत्ती ओवाळली जाणार, असे मी मनाशी धरून चालले होते. पण पनवेलच्या रमाबाई मला घेऊन गेल्या आणि त्यांनी माझ्या दोन बाजूंना जुन्या शर्टाचे दोन तुकडे ठोकले. एका तुकड्यावर पाच मोठी निळी बटणे शिवली, दुसऱ्यावर पाच काजे केली. देव नाही, देवी नाही, नुसती बटणे. पहिले दोन दिवस मी रुसूनच होते.

ही १९८९ सालची, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. रमाबाईंची शाळा दोन खोल्यांची होती. तिथे येणाऱ्या मुलांना साध्या साध्या गोष्टी शिकायलाही इतरांपेक्षा जास्त वेळ लागे. बाहेर लोक त्यांना सर्रास वेडी म्हणत. रमाबाईंना तो शब्द अजिबात खपत नसे. "वेड त्यांना नाही, घाई आपल्याला आहे," असे त्या म्हणत.

जून महिन्यात गव्हाणच्या गोदूबाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. गोदूबाई कोळीण. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा त्या पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसत. मुलीचे नाव रोशनी, वय तेरा. गोदूबाईंनी पाटी टेकवली आणि सरळ मुद्द्यालाच हात घातला.

"बाई, तिला लिवायवाचायला नाय आलं तरी चालंल. तिच्या झग्याची बटणं तेवढी लावायला शिकवा."

"शिकवू की. पण बटणंच का?" रमाबाईंनी विचारले.

गोदूबाईंनी मुलीला जवळ ओढले. "आता सकाळची मी घरी हाय. नारळी पुनव झाली का मला पहाटे बंदरावर जायला लागतं. मंग जो दिसंल तो तिची बटणं लावतो. कधी शेजारीण, कधी दीर, कधी दिराचे पोरगे. पोर आता मोठी झाली, बाई. ती अंग चोरून उभी राहते. मला ते बरं नाय वाटत."

रमाबाईंनी मला कपाटातून काढले आणि रोशनीच्या मांडीवर ठेवले.

बाई मुंबईला जाऊन एक पद्धत शिकून आल्या होत्या. तिला त्या प्रॉम्प्टिंग म्हणत. मूल अडेल तिथे आधार द्यायचा आणि तो हळूहळू काढून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात बाईंचा हात रोशनीच्या हातावर होता. बटण काजातून अर्धे बाई काढत, उरलेले रोशनी ओढी. म्हणजे शेवट नेहमी तिच्या हातून व्हायचा. "लावलंस हं," बाई म्हणत, आणि रोशनी माझ्याकडे असे काही बघे की मला उदबत्तीची आठवणही राहत नसे. मग बाईंचा हात मागे सरकू लागला. बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, आणि पुढे नुसते बोट दाखवणे. वाट दिसावी म्हणून बाईंनी माझ्या काजांना लाल दोरा घातला होता. तोही त्या दर आठवड्याला एकेका काजाचा उसवू लागल्या. खरे सांगते, मला फार वाईट वाटले. तेवढाच काय तो माझा दागिना होता.

ऑगस्ट उजाडेपर्यंत बोट दाखवणेही थांबले. बाई नुसत्या शेजारी बसत आणि रोशनी पाचही बटणे लावी. सगळी शाळा खूश. आल्यागेल्यासमोर माझे कौतुक होऊ लागले आणि मीही जरा फुशारले. पण एक गोष्ट मला डाचत होती. बाईंचा हात आता पुढे येत नसे, पण यायला निघे. दोन महिन्यांची सवय ती. निघालेला हात मांडीवरच थबके आणि बाईंच्या हिरव्या बांगड्या किणकिणत. रोशनी त्या आवाजाची वाट बघत असे. एकदा किणकिण झाली की एक बटण, पुन्हा झाली की दुसरे. हे फक्त मला कळत होते, आणि लाकडाला काही तोंड नसते.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले, तेव्हा बाईंनी गोदूबाईंना बघायला बोलावले. आपण लांबच बरे म्हणून बाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. रोशनीने बटण चिमटीत धरले आणि ती तशीच बसली. एक मिनिट गेले, दोन गेली. गोदूबाईंचा चेहरा उतरत चालला. रमाबाईंनी पदराने घाम पुसला, बांगड्या वाजल्या, आणि रोशनीने चटकन पहिले बटण लावले. पुन्हा ती बसली ती बसलीच.

गोदूबाई म्हणजे बाजारातल्या गलक्यातून आपले गिऱ्हाईक नेमके ओळखणारी बाई. त्या म्हणाल्या, "बाई, जरा हात हालवा."

बाईंनी हात हलवला. दुसरे बटण लागले.

रमाबाईंनी आपल्याच हाताकडे बघितले. "म्हणजे इतके दिवस मीच लावत होते तिची बटणं," त्या म्हणाल्या आणि बांगड्या उतरवू लागल्या. गोदूबाईंनी त्यांचा हात धरला.

"उतरवू नका. सवाष्णीनं हात ओका ठेवू नये. म्हावरं कापताना आमी काय करतो, बघा." त्यांनी आपल्या बांगड्या कोपराकडे ढकलून घट्ट बसवल्या. मग हात हलवून दाखवला. जरासुद्धा आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रमाबाई तशाच बसू लागल्या, बांगड्या वर चढवून, मनात आकडे मोजत. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले. मित्रांनो, मदत करणे त्या मानाने सोपे. मदत न करता जवळ बसून राहणे महाकठीण, हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्या दिवशी रोशनीने बाईंकडे बघितले, मग आपल्या बोटांकडे बघितले, आणि बटण आत ढकलले. थोड्या वेळाने तिने दुसरे ढकलले.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गोदूबाई ताज्या मासळीची पाटी घेऊन रोशनीला सोडायला आल्या. रोशनीच्या झग्याची बटणे लागलेली होती, पण सगळी एकेक काज खाली सरकून. गळ्याशी एक काज रिकामे आणि खाली एक बटण लोंबत होते. रमाबाईंचा हात नकळत पुढे गेला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," गोदूबाई म्हणाल्या. "मी बंदरावरून आले तर पोर अशीच दारात उभी. कुणाला हात लावू दिला नाय तिनं."

हे सांगताना त्यांना रडू आले. रमाबाईंनी हात मागे घेतला. त्या दिवशी रोशनी तशाच तिरक्या झग्यात शाळाभर हिंडली, आणि मला वाटले, फोटोची चौकट झाले असते तर हे कुठून दिसले असते?

पुढे प्लास्टिकच्या रंगीत चौकटी आल्या. मी कपाटावर गेले. माझे कापड विटले, एक बटण गळाले, वर्षानुवर्षे धूळ बसली. रोशनी शाळा सोडून गेली, रमाबाईंचे केस पिकले. आपल्याला सगळे विसरले, अशी माझी खात्री झाली.

परवा कुणीतरी मला खाली काढले. बघते तर रोशनी. आता बावीस वर्षांची आहे आणि शाळेत मदतनीस म्हणून येते. तिने मला ओल्या फडक्याने पुसले आणि गळालेल्या बटणाच्या जागी नवे बटण शिवले. मग सई नावाच्या एका लहान मुलीच्या मांडीवर मला ठेवले आणि शेजारी बसली. बसण्याआधी तिने आपल्या बांगड्या कोपराकडे ढकलून घट्ट बसवल्या. हे तिला कुणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना एखादे बटण शिवा. अडलेल्याला हात जरूर द्या. पण तो वेळेवर मागे घ्या, आणि घेतल्यावरही तुमच्या बांगड्या वाजत नाहीत ना, तेवढे बघा. सईचे पहिले बटण अजून लागायचे आहे. रोशनी आणि मी वाट बघत बसलो आहोत. आम्हाला घाई नाही.