खाकरणारं जांभूळ

चांगुणाबाईच्या सुनेला लाज म्हणून उरली नव्हती. दिवसाढवळ्या नवऱ्याच्या झाडाचं पान खुडून ती ओसरीवर बसली होती, आणि वर ब्लेडनं ते चिरत होती!

दोन वर्षांमागं चांगुणाबाईचा मुलगा रविराज ट्रॅक्टरखाली गेला. राख नदीत सोडायची नाही, शेतात खड्डा घेऊन वर झाड लावायचं, असा गावाचा ठराव. वस्तीसमोरच जांभूळ लावलं. ते छातीला लागलं आणि खाकरायला लागलं. उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी रविराज खाकरायचा, अगदी तसं. वारा नसतानासुद्धा. म्हणून सुनेसाठी, मोनिकासाठी, बेलापूरच्या मास्तरांचं स्थळ आलं, तेव्हा चांगुणाबाईनं माणसं चहाविना वाटेला लावली. "नवरा दारात हुभा हाय तिचा!"

मोनिका शाळेत विज्ञान शिकवायची. सुट्टीत सूक्ष्मदर्शक घरी घेऊन आली होती.

"झाडात कुणी नाही, आत्याबाई. या, बघा तरी."

"शिकल्याली ना तू, देवाला बी काचंखाली घालशील." म्हणत म्हणत चांगुणाबाईनं डोळा लावला. हिरवे दाणे भरलेले खण, एकाला एक लागून रचलेले. दर खणाला जाड भिंत.

मग मोनिकानं स्वतःच्या गालाच्या आतून काडी फिरवली, काचेवर पुसली, निळं औषध टाकलं. आता दिसल्या त्या मऊ, चुरगळलेल्या पिशव्या. भिंत कुठंच नाही. मधोमध गडद ठिपका.

"ह्यो ठिपका पानात बी हाय?"

"आहे. तुमच्यात, माझ्यात, गवतातसुद्धा. भिंत तेवढी झाडाची. हाडं नसताना तिच्यावरच उभं राहतं ते. आणि हिरव्या दाण्यांमुळं उन्हावर जगतं."

"आन् रवीचं?"

"आपल्यासारखंच होतं, आत्याबाई. बिनभिंतीचं."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. जांभळाचं पानही हलत नव्हतं. मोनिकाचा हात आपसूक पदराकडं गेला, पदर डोक्यावर आला, आणि हात तिथंच थिजला.

म्हणजे हिलाही रोज ऐकू येत होतं तर.  चांगुणाबाईनं सुनेच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं खाली ओढला.

"ऐक. त्याला आता भिंती आल्यात, तो जागचा हलायचा न्हाई. तुझ्यात भिंत न्हाई, तू झाडावानी हुभी ऱ्हाऊ नगंस. मास्तरला निरोप मी धाडते. हितं तो खाकरला, तर ओ द्यायला त्याची आई हाय."