सगळ्यांत उंच दांडा

सासरेबुवांचा घरात एकच हट्ट: वस्तू जागेवर हवी. कात्री खिळ्याला, किल्ल्या वाटीत, चपला भिंतीशी. त्यामुळे सून गोल्फचा पसारा हॉलभर मांडून बसली की त्यांचा जीव वरखाली होई. तरी ते खुर्ची ओढून तिथंच बसत, कारण तिची बांधाबांध बघण्यासारखी असे.

आधी प्रत्येक क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, लोखंडी डोक्याला जुना मोजा. मग एक डोकं दुसऱ्यावर आपटू नये म्हणून फटीफटीतून टॉवेल. मग सगळ्यांना मिळून एक पट्टा, वरून स्वेटर. ड्रायव्हर म्हणजे लांब पल्ल्याचा फटका मारायचा, सगळ्यांत लांब क्लब. त्याला ती तान्ह्या बाळाला टोपडं घालावं तशी टोपी चढवी. हाताला घाई नसे आणि हात थांबतही नसे. सासरेबुवांनी उभा जन्म काचसामानाचं दुकान चालवलं होतं. हिच्या हाती झुंबर डोळे मिटून सोपवावं, असं त्यांना वाटे. पण तोंडावर कुणाचं कौतुक करतील तर शपथ!

"एवढे लाड माझे कधी झाले नाहीत," मुलगा म्हणाला.

"तू विमानाच्या पोटातून जात नाहीस," सून म्हणाली.

तिचंही बरोबरच होतं. गेल्या वर्षी विमानातून उतरून पिशवी उघडली, तर ड्रायव्हरचे दोन तुकडे हातात आले. उसन्या क्लबनं ती खेळली आणि संघातली जागा एका फटक्यानं हुकली. यंदा पुन्हा बोलावणं आलं होतं. पण चाळिशीला टेकलेल्या खेळाडूला तिसऱ्यांदा कोण बोलावतं?

पसारा आवरेपर्यंत सासरेबुवांचा डोळा लागला. जागे झाले ते पेल्याला धक्का लागून चहा सांडल्यावर. पुसायला गेले, तर कोपऱ्यात मॉपचं नुसतं मुंडकं! शोधता शोधता दांडा सापडला तो गोल्फच्या पिशवीत, क्लबांच्या मधोमध.

"गडबडीत घरातलंही कोंबलं वाटतं," ते पुटपुटले. सून आंघोळीला गेली होती. त्यांनी दांडा उपसला, मॉपला बसवला, फरशी लख्ख पुसली आणि पिशवीची चेन लावून टाकली. सुनेचा एक घोटाळा आपण निस्तरला, म्हणून स्वारी खूश होती.

विमानतळावर मुलगा आणि सासरेबुवा भेटीचं तिकीट काढून आतपर्यंत पोचवायला आले होते. सामान देण्याच्या रांगेत सुनेनं सवयीनं पिशवीच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि दाबला. तळवा खाली गेला.

"दांडा कुठाय?" तिचा चेहरा पांढरा पडला.

सासरेबुवा पुढे झाले. "मी काढला. मॉपला लावला."

"बाबा, तो मुद्दाम ठेवला होता. सगळ्यांत उंच. पिशवी उलटी आपटली की पहिला मार त्यानं खायचा. गेल्या वर्षी तो नव्हता, म्हणून तर..."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. जन्मभर काच बांधणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

रांग पुढे सरकली. सासरेबुवांनी हातातल्या काठीकडे पाहिलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुनेनंच ती आणली होती. डोंगर चढणारे वापरतात तशी, ओढली की लांब होणारी. "मी काय शिखर गाठणार आहे?" म्हणून त्यांनी तेव्हा तिची टर उडवली होती. आता त्यांनी पेच सैल केले, काठी पुरती ओढली, पेच करकचून आवळले आणि पिशवी उघडून ड्रायव्हरशेजारी उभी केली. त्याच्यापेक्षा चांगली वीतभर उंच भरली.

"बाबा, तुम्ही चालणार कसे?"

"ह्याच्या खांद्यावर," मुलाकडे बोट दाखवत ते म्हणाले. "एवढा वाढवला तो कशासाठी?"

सून हसली खरी, पण डोळे पुसतच. पुन्हा टॉवेल, पुन्हा पट्टा, पुन्हा तळवा. या खेपेला तळवा हलला नाही.

त्या रात्री सासरेबुवांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ते बागेत गेले, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, तुमची काठी गेली हो. पार वाकडी झालीय."

"काठी मरू दे! ड्रायव्हर?"

"साधा ओरखडा नाही. सगळे क्लब धडधाकट आहेत."

सासरेबुवा बाकावर मटकन बसले. मग जे कधीच म्हणाले नव्हते ते म्हणाले, "पोरी, इतकी माणसं माझ्या दुकानात काच बांधून गेली, पण तुझ्यासारखा हात मी कुणाचा पाहिला नाही."

फोनमधून बागेतली पाखरं तिला ऐकू गेली असावीत.

"तुम्ही बाहेर आहात का, बाबा? काठीशिवाय?"

"मॉपचा दांडा आणलाय टेकायला."

"अगंबाई! मग फरशी?"

"आज पुन्हा चहा सांडलाय," सासरेबुवा म्हणाले. "राहू दे तसाच. तू खेळ."