गाठीची वायर

"आजोबांनी जोडलेल्या वायरला हात लावायचा नाही." या घरात माझा जन्म याच वाक्याने झाला. मी डाव्या बाजूचा स्पीकर बोलतोय. कारखान्यात मला आणि उजव्याला एकाच फळीतून कापलं, एकाच खोक्यात भरलं. बावीस वर्षं झाली, आम्ही दोघं एकमेकांच्या विरुद्ध वाजतोय.

आजोबांची हयात टेलिफोनच्या वायरी जोडण्यात गेली. त्यांच्या कामात चूक निघू शकते, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आम्हाला आणलं त्या दिवशी त्यांच्याजवळ जुनी वायर होती, दोन्ही तारा एकाच रंगाच्या. ओळखण्यासाठी त्यांनी एका तारेला दोन्ही टोकांशी दोऱ्याची गाठ मारली. उजवा त्यांनी स्वतःच पुरा जोडला. माझ्या वायरचं कॅसेटच्या मशीनकडचं टोकही त्यांनी जोडलं. माझ्याकडचं टोक बाबांच्या हाती दिलं. तेव्हा बाबा नुकतेच बाप झाले होते, पण आजोबांसमोर अजून शाळकरी पोरासारखे उभे राहत. गाठीची तार माझ्या पाठीवरच्या लाल खुंटीला की काळ्या? बाबांनी विचारलं नाही. अंदाजाने लाल खुंटीत आवळली आणि मोकळे झाले.

तेव्हापासून उजव्याचा पडदा हवा पुढे ढकलतो, त्याच क्षणी मी ती मागे ओढतो. खालचे, भारदस्त सूर आमच्या दोघांच्या मध्येच मरतात. उरतो तो पोकळ, पाण्यात भिजल्यासारखा आवाज.

पहिल्याच आठवड्यात आईची कॅसेट लागली. रेडिओ केंद्राला पाठवायची म्हणून तिने शेजारणीकडे बसून गाणं भरून आणलं होतं. सगळे ऐकायला बसले. आजोबा म्हणाले, "सूनबाई, गळ्यात वजन नाही. पाठवू नका, हसं होईल." बाबांनी कॅसेट काढून तिच्या हाती दिली. इतर गाणीही तशीच पोकळ वाजत होती, पण त्या गायकांना कुणी घरी बसवलं नाही. आईने कॅसेट शिवणाच्या डब्यात ठेवली. त्यानंतर ती गायली नाही, गुणगुणलीसुद्धा नाही.

माझे मात्र नाना उपाय झाले. खाली फरशीचा तुकडा ठेवला, खिडकीचे पडदे काढले, मशीनचं तोंड स्पिरिटने पुसलं. शेवटी आजोबांनी निकाल दिला, "आजकालची गाणीच भिकार." मी फडक्याखाली गेलो.

गेल्या रविवारी ठरलं, मला भंगारात द्यायचं. नातीला आजोबा ठिणगी म्हणतात. ती कॉलेजातून पदवी घेऊन आलीय, आणि तिला 'का?' विचारल्याशिवाय पाणी गोड लागत नाही. आज भंगारवाल्याला बोलवायच्या आधी ती म्हणाली, "आईची कॅसेट एकदा ऐकते, मग न्या."

ऐकताना तिच्या कपाळाला आठी पडली. तिने उजव्याची वायर काढली. मी एकटा वाजू लागलो आणि आवाज भरला.

"एकटा बरा वाजतो, जोडीने पोकळ? हे काय गौडबंगाल?" तिने मला भिंतीपासून ओढलं, पाठीमागे वाकली. "आजोबा, गाठ म्हणजे काळी की लाल?"

"काळी. जन्मभर काळीच."

"इथे लाल खुंटीत आहे."

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "मी लाल समजलो होतो."

"मग विचारायचं नाही का, गाढवा?" आजोबा म्हणाले.

"तुम्हाला?" बाबा म्हणाले.

ठिणगीने माझ्या दोन्ही तारा सोडवून उलट्या लावल्या, उजव्याला परत जोडलं आणि कॅसेट पहिल्यापासून सुरू केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला. खोलीच्या मधोमध, जणू समोर बसून, एक तरुण बाई गाऊ लागली. खालचा सूर जमिनीतून यावा तसा आला.

आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचा गळा आता बसलाय, चार शब्द बोलली की खोकते. "ही मी?" तिने विचारलं. ती चौकटीला टेकून उभी राहिली.

"बंद कर ते," आजोबा म्हणाले. "झालं गेलं उकरून काय मिळणार? वायर होती तशी लाव आणि भंगारवाल्याला फोन कर."

"नाही लावणार," ठिणगी म्हणाली. "आणि बंदही नाही करणार. तेव्हा तुम्ही बोललात, तिने ऐकलं. आज ती गातेय, तुम्ही ऐका."

आजोबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाबा खाली बसले.

माझ्या पडद्याच्या कडा कुजल्यात, बोट लावलं तरी भुगा पडतो. आणखी थोडे खर्जाचे सूर, की मी फाटणार. खुशाल न्या मला. पण आई अजून दारात उभी आहे, तोवर कॅसेटची ही एक बाजू संपू द्या.