पत्रात जे लिहायचं नव्हतं

आजोबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर घरातली माणसं दुरुस्त करायला घेतली. कामावरचे सोबती त्यांना ‘तक्रारवही’ म्हणायचे, ते काही उगाच नाही. अंघोळीचं पाणी एक तर कढत, नाही तर गार. चहा एक तर कडू, नाही तर पाणचट. गादी पाठीला टोचते, उशी मानेला. आजी गेल्यापासून तर विचारूच नका. मुलगा सकाळीच कामावर सटकायचा, त्यामुळे सगळी सरबत्ती सुनेवर व्हायची. ती बिचारी ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची.

एका गरीब मुलीच्या शाळेचा खर्च आजोबा उचलत होते, तोही सुनेने एका संस्थेचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला म्हणून. मुलगी नऊ वर्षांची. संस्थेचा नियम असा, की दर महिन्याला तिला पत्र लिहायचं, पण तिच्याकडे जे नाही त्याचा उल्लेख करायचा नाही. पोरीच्या मनाला लागायला नको.

पहिलं पत्र आजोबांनी चांगलं दोन पानी लिहिलं. संस्थेतल्या बाईंनी ते तांबड्या रेघा मारून परत पाठवलं. गिझर खोडला, पंखा खोडला, पलंग खोडला. ‘खिडकीतून ऊन येतं’ यातली खिडकीसुद्धा खोडली, कारण पोरीच्या खोलीला खिडकी नव्हती. आजोबा आधी तडकले. पण ते नियमाचे पक्के. लिफ्टवर सहा माणसं लिहिलेलं असेल तर सातव्याला, मग तो साहेब का असेना, हाताला धरून बाहेर काढणारा माणूस. त्यांनी मुकाट्याने नवं पत्र लिहिलं: ‘मी ठीक आहे. ऊन पडलं आहे. अभ्यास कर.’ दहा महिने हेच. फार तर उन्हाऐवजी ढग.

पोरगी मात्र भरभरून लिहायची. एका चादरीत चौघं कशी झोपतात, कोपऱ्यावरच्या नळाला पहाटेपासून रांग कशी लागते, वर्गात तिची जागा पुढून दुसरी कशी आहे. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारायची, ‘आजोबा, तुम्ही आज काय जेवलात?’ नियमात बसत नाही म्हणून आजोबांनी एकदाही उत्तर दिलं नाही.

अकराव्या महिन्यात तिचं पत्र आलं ते असं:

‘आजोबा, तुम्ही जेवणाचं कधीच सांगत नाही. घराचं पण नाही. आई म्हणते, जो माणूस जेवणाचा विषय टाळतो त्याच्या घरात खायला नसतं. आमच्याकडे नसायचं तेव्हा आम्हीपण टाळायचो. म्हणून आईने ठरवलं आहे, तुमचे पैसे घ्यायचे नाहीत. मी तिच्याबरोबर कपडे धुवायच्या कामाला जाईन. मला वाचता येतं, तेवढं पुरे. तुम्ही त्या पैशांत जेवत जा.’

आजोबांनी पत्र पुन्हा वाचलं. मग संस्थेला फोन लावला.

“तिची आई येऊन गेली,” बाई म्हणाल्या. “सोमवारी नाव काढायच्या कागदावर अंगठा देणार आहे.”

“अहो, तिला सांगा ना, मी खाऊनपिऊन सुखी आहे!”

“सांगितलं. तिला वाटतं, आम्ही थापा मारतोय. म्हणाली, म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहावं.”

दुपारी आजोबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. आज आपण काय जेवलो, इथूनच सुरुवात करायची होती. आणि काही केल्या आठवेना. मीठ कमी होतं, एवढंच आठवत होतं.

“आज मी काय जेवलो गं?” त्यांनी सुनेला विचारलं.

तिचा भांडी पुसणारा हात थांबला. “का? काय चुकलं बाबा?”

ते ऐकून आजोबा वरमले. साधा प्रश्न विचारायची सोयसुद्धा आपण ठेवलेली नाही.

“काही चुकलं नाही,” ते म्हणाले. “लिहायचंय.”

तिने सांगितलं, त्यांनी लिहिलं. मग पेन थांबेचना. पाणी घरात येतं, तेही गरम होऊन. संडास दाराच्या आत आहे, रांग नाही. पलंगावर मी एकटा झोपतो. गोळ्या रोज बशीत काढून ठेवलेल्या असतात. खाली लिहिलं: ‘हे सगळं मला रोज मिळतं आणि मी रोज त्यावर भांडतो. तुझ्या आईला सांग, हा म्हातारा उपाशी नाही, कृतघ्न आहे.’

पत्र घेऊन ते स्वतः संस्थेत गेले. बाईंनी सवयीने तांबडं पेन काढलं.

“यातली एकही ओळ नियमात बसत नाही.”

“नाहीच बसत. पण तुमच्या नियमानं आणि माझ्या आज्ञाधारकपणानं पोरगी शाळेतून चालली.”

“वाचून तिला वाईट वाटलं तर?”

“वाटू दे. माझ्यावर रागावू दे. पण वर्गात बसून रागावू दे.”

बाईंनी पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. आजोबांचा जीव टांगणीला. चार दिवस त्यांनी चकार शब्द काढला नाही, तेव्हा सुनेने घाबरून थर्मामीटर आणलं. शुक्रवारी पत्र आलं. जेवायची वेळ होती. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

‘आजोबा, आईला तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला नाही. मी शाळेतच आहे. आई सांगते तसं लिहिते: पोटभर जेवणाऱ्याकडून घ्यायला आम्हाला संकोच नाही. पण तुमच्या घरात जी रोज तुम्हाला वाढते, तिला तुम्ही कधी काही चांगलं बोललात का?’

आजोबांनी पत्र खाली ठेवलं. सून समोर उभी होती.

“याला काय उत्तर लिहू?” त्यांनी विचारलं.

तिने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. मग हळूच म्हणाली, “लिहा, अजून नाही.”