तात्यांना कसं मारायचं

"मॅडम, तात्या तोंड उघडतात आणि लोक मालिका बंद करतात. ऐकणाऱ्यांचा आलेखच सांगतोय," मालिका काढणाऱ्या कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली. "एक तर तात्यांना संपवा, नाहीतर आम्हाला मालिकाच संपवावी लागेल."

लेखिकेने फोन ठेवला आणि आधी बाहेरच्या खोलीत नजर टाकली. सासरे खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. मोबाइल कानाशी धरून ते तिचीच मालिका ऐकत होते.

तिची दोन पुस्तकं कपाटात धूळ खात पडली होती. मोबाइलवर ऐकायची ही मालिका मात्र लोक रोज ऐकत. नवऱ्याच्या पगारात घर चालत होतं, पण स्वतःला लेखिका म्हणवून घ्यायला तिच्याकडे आता एवढंच उरलं होतं. आणि मालिकेतले तात्या म्हणजे घरातले सासरे, अगदी उचलून ठेवलेले. पंखा चालू राहिला की "वीज काय तुझ्या सासऱ्याची आहे?" असं सुनेवर ओरडायचं आणि सासरे आपणच हे लक्षात आल्यावर गुपचूप पेपरात डोकं खुपसायचं, हेसुद्धा तिने सोडलं नव्हतं. सासऱ्यांना राग आला नव्हता. उलट ते शेजाऱ्यांना सांगत, "आजच्या भागात मी आहे बरं का."

चहाच्या वेळी तिने हळूच विषय काढला. "अण्णा, तात्यांना थोडे दिवस बाहेरगावी पाठवावं म्हणते."

"मारायला सांगितलंय का?"

ती गडबडली. "तसं नाही हो. कथेची गरज असते कधी कधी."

"मला घरी बसवताना साहेबही हेच म्हणाले होते. खात्याची गरज." त्यांनी बशीत चहा ओतला. "कंटाळतात ना लोक?"

तिने बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"मार मग," सासरे म्हणाले. "पण नीट मार. नळ्याबिळ्या लावून लोळवत ठेवू नकोस."

तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं. सासरे लुगडी नाकारणाऱ्या गिऱ्हाइकासारखे एकेक मरण बाजूला सारू लागले. जिन्यात कोसळणं नको, उचलून वर आणायचा ताप कुणाला? मुलाचा हात हातात घेऊन केलेलं भाषण तर मुळीच नको. "मी जन्मात असं बोललेलो नाही." शेवटी झोपेतलं मरण पसंत पडलं.

"पण त्याआधी त्याला ते चुकीच्या ऑफिसचं सांगू दे," ते म्हणाले. "पूर्ण."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते चुकून वरच्या मजल्यावरच्या भलत्याच ऑफिसात शिरले आणि दुपारपर्यंत तिथल्या फायली लावत बसले. कुणी हटकलं नाही, वर चहाही मिळाला. इथवर आलं की कुणीतरी म्हणायचं, "हो अण्णा, माहितीये," आणि विषय बदलायचा. तीही तेच करत आली होती.

"पुढे काय झालं?" तिने विचारलं.

सासरे थोडे बावचळले. हा प्रश्न त्यांच्या सवयीचा नव्हता.

"पुढे म्हणजे... घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना मी त्याआधी कधी हसताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "गोष्ट सांगितली की वाटतं, कुणीतरी तसं हसेल."

तिला स्वतःची लाज वाटली. लोकांच्या गोष्टींवर जगणारी बाई, आणि घरातली एक गोष्ट इतक्या वर्षांत शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

तिने तात्यांना सगळी गोष्ट सांगू दिली. फोनवरची मुलगी कुरकुरली. "इतका वेळ एकटेच बोलतायत?"

"मरतोय तो माणूस," लेखिका म्हणाली. "बोलू दे."

तो भाग तिने आणि सासऱ्यांनी एकत्र ऐकला. तात्या बोलले, निजले आणि गेले.

"बरा गेलो," सासरे म्हणाले. आलेख नेहमीसारखाच घसरला होता, पण ते तिने सांगितलं नाही.

आता ते मालिका ऐकणार नाहीत असं तिला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मोबाइल कानाशी धरून बसले. मालिकेतल्या घरात वाटणीवरून भांडण पेटलं होतं, थोरला भाऊ ताटावरून उठून गेला होता, सगळं कसं भरधाव चाललं होतं. भाग संपल्यावर त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"आज माझं नाव कुणी काढलं नाही."

"काढतील अण्णा. उद्या काढतील."

उद्याचा भाग लिहून तयार होता. त्यातही कुणी काढत नव्हतं. ती आत गेली, मजकूर उघडला आणि भांडणाच्या मधोमध धाकट्या सुनेला उभं केलं. "आज तात्या असते तर म्हणाले असते," असं तिच्या तोंडी घातलं आणि अडली. काही केल्या पुढचं वाक्य खरं वाटेना.

ती कागद-पेन घेऊन बाहेर आली.

"अण्णा, भाऊ भाऊ भांडतायत. तात्या इथे काय म्हणाले असते?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून धोतराला पुसला, खुर्चीत ताठ बसले आणि घसा खाकरला. ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. बोलणं लांबणार हे तिला कळलं, आणि तिने पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं.